चहाच्या रंगातली पलटण

क्लिफर्ड हॅसलम आणि मी बार्नशॉच्या बस डेपोत एकाच वर्षी कामाला लागलो आणि पुढची सव्वीस वर्षं चौदा नंबरची बस आलटूनपालटून चालवली. तो अंगाने उंच, खांदे थोडे पुढे आलेले, बोलायला अगदी कमी. प्रवासी चढला की मान हलवायची, उतरला की मान हलवायची, एवढाच त्याचा लोकांशी संबंध. सुट्टीच्या दिवशी तो काय करतो हे डेपोत कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण मी त्याच्या दोन घरं पलीकडे राहायचो आणि आमच्या मागच्या अंगणांच्या भिंती छातीएवढ्याच होत्या.

त्याला शिशाचे सैनिक जमवायचा नाद होता. बोटाएवढे, आतून पोकळ, हात खांद्यात फिरणारे. आमच्या लहानपणी घरोघरी अशांची एखादी पेटी असायची आणि पोरं मोठी झाली की ती माळ्यावर जायची. क्लिफर्डची गेली नाही. उलट चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सामानाची विक्री लागली की हा सगळ्यांच्या आधी हजर, आणि खोक्यांच्या तळाशी पडलेले मोडके सैनिक वेचून आणायचा. धडधाकट सैनिकांत त्याला गोडी नव्हती. मुंडकं तुटलेला एखादा सापडला की चेहरा खुलायचा. घरी आणून तो धडाच्या पोकळीत आगकाडी खुपसायचा, तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं मुंडकं बसवायचा, बंदूक मोडली असेल तर हातात पातेलं द्यायचा. म्हणायचा, "याची लढाई झाली, आता याला स्वयंपाकाला लावू." त्याच्या पलटणीत लढणारे थोडेच. बटाटे सोलणारे, मोजे वाळत घालणारे, पत्र वाचणारे, बूट काढून पाय चोळत बसलेले, असेच जास्त.

या सैनिकांचे तो देखावे मांडायचा आणि फोटो काढायचा. अंगणाच्या भिंतीवर फळी, फळीवर प्लास्टरची उंचसखल जमीन, आणि तिच्यावर वाळवलेला चहाचा चोथा. तो चोथा म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सचा चिखल. त्याच्या बायकोच्या, एनिडच्या, स्वयंपाकघरातल्या, घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर बारा महिने वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर चोथा वाळत घातलेला असायचा. आमच्या भिंतींच्या मागे ब्लॅकरिगचा उघडा माळ थेट वर चढत जातो. क्लिफर्ड कॅमेरा सैनिकांच्या डोळ्यांच्या उंचीला आणायचा, एका छोट्या आरशाने उजेड वळवायचा आणि वारा पडायची वाट बघत तासन्‌तास उभा राहायचा. मग फोटोत फळी कुठे संपली आणि खरा माळ कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. फोटो तो स्वतःच कोळशाच्या कोठीत धुवायचा. काही फोटो मुद्दाम कडक चहात बुडवून ठेवायचा, म्हणजे त्यांना जुना तपकिरी रंग यायचा. कुणाला दाखवायचा नाही. खणात ठेवून द्यायचा.

त्या खणातच घोटाळ्याचं मूळ होतं.

सत्त्याऐंशी सालच्या शरद ऋतूत आमच्या वाचनालयाच्या पॉम्फ्रेटसाहेबांनी जुन्या बार्नशॉच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. घरोघरी जे असेल ते द्या, म्हणून त्यांनी दुकानांतून चिठ्ठ्या लावल्या. क्लिफर्डच्या आईचे बरेच जुने फोटो त्या खणात पडून होते, गिरणीचं धुराडं, ट्राम, मिरवणूक वगैरे. क्लिफर्ड कामावर असताना एनिडने खण उघडला, तपकिरी दिसले तेवढे सगळे फोटो एका पाकिटात घातले आणि वाचनालयात देऊन आली. तिला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. त्या तपकिरी फोटोंमध्ये एक चहात बुडवलेला होता. खाली जमिनीवर चूल, मागे एक गाडी, आणि पाच सैनिक चहा पीत उभे. मागच्या बाजूला क्लिफर्डने स्वतःच्या कौतुकाने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बार्नशॉची पोरं, १९१६'.

प्रदर्शनाचं उद्घाटन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी होतं. क्लिफर्ड, एनिड आणि मी असे तिघं गेलो. आत शिरलो तर समोरच्या भिंतीवर मधोमध, टेबलाएवढा मोठा करून, तो फोटो. पॉम्फ्रेटसाहेबांनी तो शेजारच्या गावातल्या फोटोग्राफरकडून मोठा करून आणला होता. मोठा करताना सगळं जरासं मऊ झालं होतं, कडा पुसट झाल्या होत्या, त्यामुळे तो फोटो मुळापेक्षाही खरा दिसत होता. खाली छापील अक्षरांत ओळ होती, 'आपल्या गावची मुलं, फ्रान्स, १९१६.'

मी तो देखावा भिंतीवर मांडलेला पाहिला होता. गाडीची चाकं कोटाच्या बटणांची आहेत हे मला ठाऊक होतं. मी क्लिफर्डकडे पाहिलं. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली होती. तो म्हणाला, "पॉम्फ्रेटना सांगून येतो," आणि गर्दीतून वाट काढत निघाला. तेवढ्यात फोटोसमोर उभ्या असलेल्या एंटविसल बाई मोठ्याने म्हणाल्या, "हे माझे बाबा आहेत."

एंटविसल बाईंनी अर्ध्या गावाला मुळाक्षरं शिकवली. क्लिफर्डला आणि मलाही त्यांनीच शिकवलं. लग्न केलं नाही, कालव्याजवळच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांचे वडील सतरा साली फ्रान्सात लढाईत मारले गेले आणि त्यांची कबरसुद्धा कुठे नाही. त्यांचा एकुलता एक फोटो बाईंनी आईच्या सांगण्यावरून आईच्या शवपेटीत, तिच्या हाताखाली ठेवला होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे बाई बोलल्या आणि सगळे त्यांच्याकडे वळले. बाई फोटोतल्या डावीकडच्या माणसाकडे बोट दाखवत होत्या. टोपी मागे सारलेली, मान थोडी कललेली. "कप बघा कसा धरलाय," त्या म्हणाल्या. "कानाला नाही, काठाला. बाबा तसाच धरायचे."

पॉम्फ्रेटसाहेबांनी चष्मा काढून पुसला. कुणीतरी बाईंना खुर्ची दिली. क्लिफर्ड जिथे होता तिथेच थांबला, आणि थोड्या वेळाने तसाच आमच्याकडे परत आला. बाहेर पडल्यावर तो मला एवढंच म्हणाला की त्या कपाचा कान चिकटवताना मोडला होता, म्हणून त्याने तो काठाने बोटांना लावला होता.

पुढचे पाच आठवडे वाईट गेले. आमच्या गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर तो फोटो आला, शेजारी बाईंचाही. लोक बाईंच्या घरी केक घेऊन जायला लागले. शाळेतल्या मुलांनी बाईंच्या बाबांवर निबंध लिहिले. क्लिफर्डने भिंतीवरची फळी काढून कोठीत टाकली आणि सैनिकांना हात लावायचं सोडून दिलं. जेवण कमी झालं. एकदा वाचनालयासमोरच्या थांब्यावर बस न थांबवताच पुढे निघून गेला आणि आतल्या बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा भानावर आला. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी त्याला काय सल्ला दिला ते सांगायला मला आज लाज वाटते. मी म्हणालो, राहू दे. म्हातारीला सत्तर वर्षांनी बाप मिळालाय, कुणाचं काय बिघडतंय? एनिडचं म्हणणं वेगळं होतं. फोटो आपण दिला, तेव्हा आपणच जाऊन सांगू, असं ती रोज म्हणायची, आणि क्लिफर्ड रोज उद्यावर टाकायचा. बाईंशी खोटं बोलल्यासारखं होतंय म्हणून त्याला झोप नव्हती आणि बाईंचे बाबा पुन्हा हिरावून घ्यायचे म्हणूनही झोप नव्हती.

मग डिसेंबरात चर्चच्या पाद्रीबुवांनी जाहीर केलं की नाताळच्या आधीच्या रविवारी तो फोटो चर्चमध्ये लावायचा. लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेल्या दगडाच्या शेजारी, काचेखाली, आणि पडदा एंटविसल बाईंच्या हस्ते उघडायचा. क्लिफर्डने डेपोत ही बातमी ऐकली, हातातला चहा खाली ठेवला आणि मला म्हणाला, "एडगर, माझी खेळणी त्या दगडाशेजारी नाही लागू द्यायची. आज दुपारी येशील माझ्याबरोबर?"

दोन वाजता आम्ही बाईंच्या दारात उभे होतो. दोघांनीही टाय लावले होते. क्लिफर्डच्या खिशात तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा होता. बाईंनी आम्हांला आत घेतलं, चहा केला, शहाजिऱ्याच्या केकचे जाड तुकडे कापले. केक संपवा, घरात अजून चार पडलेत, म्हणाल्या. क्लिफर्डने तुकड्याला हात लावला नाही. त्याने डबा उघडला, कापसात गुंडाळलेला सैनिक काढला आणि टेबलक्लॉथवर बाईंच्या बशीजवळ उभा केला. टोपी मागे सारलेली, मान कललेली, हातात वाटाण्याएवढा कप.

"बाई," तो म्हणाला, "फोटोतला माणूस हा आहे."

बाईंनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला. बराच वेळ त्या खाली वाकून बघत राहिल्या. क्लिफर्डने मग एका दमात सगळं सांगितलं. फळी, चोथा, बटणांची चाकं, चहात बुडवलेला कागद. फोटो चुकून गेला, पण तो भिंतीवर लागलाय हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तेव्हाच बोलायला हवं होतं आणि आपण बोललो नाही, हेही सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे हे बाबा नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाहीत, बाई."

"कुणाचेच बाबा नाहीत?"

"कुणाचेच नाहीत."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं त्यांना काही होतंय. मी उठलोसुद्धा. त्यांनी हाताने मला बस म्हणून खूण केली.

"देवा," त्या म्हणाल्या, "सुटले एकदाची."

बाईंनी चष्मा काढला आणि सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी हॉलमध्ये कप दिसला आणि तोंडातून निघून गेलं. घरी आल्यावर, कोट काढता काढताच, त्यांच्या लक्षात आलं की हे शक्य नाही. फोटोतला माणूस बाकीच्यांपेक्षा डोकंभर उंच होता, आणि त्यांचे बाबा बुटांसकट पाच फूट होते. उंची कमी म्हणून त्यांना भरतीवाल्यांनी दोनदा परत पाठवलं होतं, तिसऱ्यांदा घेतलं. गिरणीत त्यांना सगळे चिमणा म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी पॉम्फ्रेटना सांगायचं असं बाईंनी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिला केक आला.

"मग मुलांचे निबंध आले," बाई म्हणाल्या. "एकाने लिहिलंय, एंटविसल बाईंचे बाबा सगळ्यांत उंच आणि शूर होते. मी त्याला शुद्धलेखनाबद्दल शाबासकी दिली आणि गप्प बसले. पाच आठवडे गप्प बसले, क्लिफर्ड. आणि आता पाद्रीबुवा म्हणतात पडदा उघडा. खोटं बोलणाऱ्या मुलांना मी कोटांच्या खुंट्यांपाशी उभं करायचे, आठवतं?"

"मला दोनदा केलं होतं, बाई."

"तीनदा. आता मी तिथेच उभी आहे असं वाटत होतं रोज. आणि तू, एडगर? यानं तुला आणलं की तू याला?"

मी म्हणालो की मी तर गप्प राहा असाच सल्ला दिला होता. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की अट्ठावन्नाव्या वर्षी माझे कान गरम झाले. मग त्या पुन्हा सैनिकाकडे वळल्या. बोटाने त्याला जरा फिरवून पाहिलं आणि अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं, "पण हा एवढा उंच का केलास?"

"मी नाही केला, बाई. हा दुसऱ्या कारखान्याचा आहे. ते सैनिक जरा मोठेच करायचे. पाच भरेनात म्हणून यालाही घेतलं उभं करायला."

बाईंना हसू फुटलं. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना रुमाल शोधावा लागला. क्लिफर्डही हसायला लागला. तो हसला की आवाज येत नसे, फक्त तोंड लाल होई. त्याने समोरचा केक उचलला आणि दोन घासांत संपवला, मग माझाही संपवला.

चार वाजायच्या आत आम्ही तिघं वाचनालयात होतो. बाई मधे, आम्ही दोन बाजूंना. पॉम्फ्रेटसाहेब बिचारे सगळं ऐकून खाली बसले. त्यांनी म्हणे त्या फोटोतल्या सैनिकांच्या कोटांची बटणं भिंगाखाली मोजली होती आणि त्यावरून पलटण ठरवली होती. बाई त्यांना म्हणाल्या की चूक तिघांची आहे, तेव्हा वाटून घेतली की हलकी होईल. पॉम्फ्रेटसाहेब सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "ते पाचही अजून आहेत का? आणि गाडी?"

पाद्रीबुवांना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. पडदा उघडायचा कार्यक्रम रद्द झाला आणि त्या काचेखाली नुसतीच गेलेल्यांची यादी लागली, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. वाचनालयात फोटोखालची ओळ बदलली. आता तिथे लिहिलं होतं की हा देखावा क्लिफर्ड हॅसलम, चौदा नंबर बसचे चालक, यांनी मांडलेला आहे. खाली टेबलावर खुद्द देखावाच ठेवला, फळी, चोथा आणि बटणांच्या चाकांसकट. साप्ताहिकाने आतल्या पानावर चार ओळींत खुलासा छापला. ज्याने बाबांच्या उंचीवर निबंध लिहिला होता तो मुलगा आईला घेऊन आला आणि देखाव्यासमोरून हलेना.

डेपोत अर्थातच सुटका नव्हती. आठवडाभर प्रत्येक जण क्लिफर्डला विचारत होता की उद्या बस खरी आणणार आहेस की काडेपेटीची. क्लिफर्ड मान हलवायचा, पण ओठांच्या कडा वर असायच्या. त्याला खरी भीती एकाच माणसाची वाटत होती, ती म्हणजे म्हाताऱ्या सेडनची. सेडन नव्वदीचा. त्या लढाईत स्वतः जाऊन आलेला, गावातला शेवटचा उरलेला माणूस. तो नातसुनेच्या हाताला धरून एका दुपारी वाचनालयात आला. क्लिफर्डची सुट्टी होती, तोही तिथेच होता. सेडनने काठीवर दोन्ही हात ठेवून देखावा इतका वेळ पाहिला की नातसून कंटाळून खुर्चीत बसली.

"हे तू केलंस?" त्याने विचारलं.

क्लिफर्ड हो म्हणाला आणि माफी मागायला लागला. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं नाही.

"चिखल कमी आहे," तो म्हणाला. "गुडघ्यापर्यंत पाहिजे. बाकी बरोबर आहे. आम्ही असेच उभे असायचो. लढाईचं सगळे दाखवतात. चहाचं कोणी दाखवत नाही."

क्लिफर्ड दुसऱ्या दिवशी एनिडकडून दोन दिवसांचा चोथा मागून घेऊन आला आणि पाचही जणांना गुडघाभर चिखलात उभं केलं.

जानेवारीत एंटविसल बाई क्लिफर्डच्या दारात आल्या. आत येऊन, कोट न काढताच, म्हणाल्या की त्यांना एक देखावा हवा आहे. बाबांचा. फोटोत असतो तसा नको, त्यांना जसा आठवतो तसा. सोळा साली बाबा चार दिवसांच्या रजेवर आले होते. आईचा कपडे पिळायचा चरक बिघडला होता. बाबांनी लष्करी कोट काढून दाराला अडकवला, बाह्या वर केल्या आणि अख्खी सकाळ मागच्या अंगणात चरकाशी खटपट करत बसले. सात वर्षांची विनिफ्रेड, म्हणजे बाई स्वतः, कोळशाच्या पेटीवर बसून पाव खात होती. त्या चार दिवसांतलं तिला एवढंच आठवत होतं.

"चेहरा कसा होता, बाई?" क्लिफर्डने विचारलं.

"मिशी होती. बाकी आता नीट आठवत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून पाठमोरेच कर. अंदाजाने चेहरा नको. एकदा झालं तेवढं पुरे."

हे काम तीन महिने चाललं. बाई दर गुरुवारी यायच्या आणि क्लिफर्डच्या मागे उभं राहून चुका काढायच्या. चरकाच्या लाटा, म्हणजे कपडा दाबणारे रूळ, आधी पेन्सिलीच्या केल्या, त्या बाईंना बारीक वाटल्या. मग दोऱ्याच्या रिळाच्या दांड्या वापरल्या, त्या जमल्या. लोखंडी चाक खिशातल्या जुन्या घड्याळाचं घेतलं. खरी अडचण बाबांची होती, कारण क्लिफर्डकडचे सगळे सैनिक पाच फुटांच्या माणसाला मोठे पडत होते. त्याने चार जणांचे पाय कापून पाहिले. ते चिमणे न दिसता गुडघे टेकलेले दिसायचे. शेवटी एनिडला सुचलं. विक्रीतून आणलेल्या एका खोक्यात शिशाचा बालवीर होता, स्काउटांच्या संचातला. त्याचं धड घेतलं, त्याला गॅलिस रंगवले, त्यावर सैनिकाचं मुंडकं आगकाडीने बसवलं. बाईंनी तो हातात घेतला आणि जपून परत ठेवला. त्या गुरुवारी त्यांनी एकही चूक काढली नाही.

फोटो एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी काढला. मी आरसा धरला होता. वारा होता, म्हणून एनिड चादर आडवी धरून उभी राहिली आणि बाई खुर्चीवर बसून ढग सरकायची वाट बघत होत्या. सूर्य दोनदा आला आणि गेला. तिसऱ्यांदा उजेड चरकाच्या चाकावर नेमका पडला, आणि बाईच म्हणाल्या, "आता काढ, क्लिफर्ड."

संध्याकाळी सगळे हॅसलमांकडे जेवायला थांबलो. एनिडने बटाट्याच्या चकत्या लावून भाजलेलं मटण केलं होतं. फोटो तोवर धुऊन दोरीवर चिमट्याने लटकवला होता, चहात न बुडवता, नुसता काळापांढरा. दाराला अडकवलेला कोट, पाठमोरा छोटासा माणूस, बाह्या वर, आणि कोळशाच्या पेटीवर बसलेली एक मुलगी, जिच्या पायांचा क्लिफर्डचा हिशेब चुकला होता, त्यामुळे ते जमिनीला टेकत होते. बाईंनी ते लगेच सांगितलं. पाय लोंबकळायचे, म्हणाल्या. मग बराच वेळ दोरीजवळ उभ्या राहिल्या आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या.

क्लिफर्डने दोनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर तो शेगडीजवळच्या खुर्चीत बसला. बाई त्यांच्या बाबांविषयी सांगत होत्या. पाळण्यातल्या मुलासारखे ते कुठेही झोपायचे, गिरणीच्या भोंग्यालाही जागे व्हायचे नाहीत, असं काहीतरी. बोलता बोलता त्यांनी पाहिलं तर क्लिफर्डची मान बाजूला पडली होती आणि तो मंद घोरत होता. एनिड त्याला हलवायला उठली. नोव्हेंबरपासून याला अशी झोप लागलेली पाहिली नाही, ती म्हणाली. बाईंनी तिला थांबवलं, आवाज खाली आणला आणि पुढची गोष्ट कुजबुजत सांगितली.